इरोकोचे दार

मी एक जुने दार आहे. मित्रांनो, त्याआधी मी इरोकोचे झाड होते. सागाला लाजवील असे माझे लाकूड. वाळवीसुद्धा त्याला दात लावत नाही. पण माझ्यात एकजण राहत असे. त्याचे तोंड मीही कधी पाहिले नाही. गावची योरुबा जमातीची माणसे त्याला नुसते 'म्हातारा' म्हणत आणि माझ्याखालून जाताना मान वर करत नसत.

लाकूड कापणाऱ्या ओजेलादेला घरासाठी दार हवे होते. तिथली रीत अशी, की आदल्या संध्याकाळी झाडाला कुऱ्हाड टेकवून म्हाताऱ्याची परवानगी मागायची. सकाळी कुऱ्हाड पडलेली दिसली, तर नकार समजायचा.

ती पडली होती. "वाऱ्याचं काम," ओजेलादे म्हणाला.

"अहो आयोकाचे बाबा," त्याची बायको अबेनी कळवळून म्हणाली, "काल पान तरी हललं होतं का?"

पण ऐकतो कोण? त्याने मला पाडले.

दार झाल्यावर माझे फार कौतुक झाले. शेजारीपाजारी येऊन हात फिरवत. मग भर दुपारी माझ्यावर बाहेरून टकटक होऊ लागली. उघडावे, तर अंगणात चिटपाखरू नाही. ओलं लाकूड वाजतंच, असे ओजेलादे सांगे. मला मात्र तो हात ओळखीचा होता. बेघर झालेला म्हातारा आपले घर शोधत आला होता. मला त्याची दया आली, आणि भीतीही वाटली.

न दिसणाऱ्याला तिथे कुणी ओ देत नाही. पण त्यांची आयोका सहा वर्षांची, तिला राहवले नाही. अबेनी उकडलेले कंद कांडत होती. टकटक झाली आणि पोर म्हणाली, "या ना आजोबा, दार उघडंच आहे."

टकटक थांबली ती कायमची. त्या दिवसापासून आयोका बोलेना, जेवेना. दोन्ही हात वर करून अंगणात उन्हात उभी राही. ओढून आत न्यावे, तर पावले मातीत घोट्यापर्यंत रुतलेली असत.

आता ओजेलादेचे धाबे दणाणले. त्याने मला बिजागऱ्यांतून काढले, पाठीवर घेतले, लेकीची पावले माती उकरून सोडवली आणि तिला घेऊन तो रानात आला. माझ्याच उरलेल्या बुंध्याला मला टेकवून त्याने नैवेद्य म्हणून पामतेल ओतले. रडत म्हणाला, "म्हाताऱ्या, चुकलो. हे तुझं घर. माझी पोर सोड."

बराच वेळ काही झाले नाही. मग माझ्यातून कुणीतरी आत गेले.

"बाबा," आयोका म्हणाली, "भूक लागली."

मित्रांनो, झाड तोडण्याआधी विचारावे, आणि उत्तर आले तर ऐकावे. कधी या रानात आलात, तर माझी धूळ पुसा, हवे तर तेलही लावा. पण ढकलू नका. मी आतून बंद आहे.