बाटलीला घातलेला हार

खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, लेबल खरवडलेलं.

अडतीस किलो.

कणगीत दडवलेली गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

गेरू. मेंढरांच्या पाठीवर खुणेला लावतात तो.

झेंडूचा हार.

•

हार बाटलीला घातला होता. बाटलीत लघवी होती.

हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीड-दोनशे माणसं त्या बाटलीपुढं हात जोडून बसली होती. अमृतबाबानं ती उन्हात धरली.

"आदी काय जात हुतं?"

"रगत!" शेड गरजली.

"आन् अंगारा दिल्यावर?"

"तिसऱ्या दिशी पिवळं!"

"आज पाचवा गुरवार. तांबडं परत आलं?"

"न्हाई!"

"का न्हाई आलं?"

"सरकारी गोळी बंद!"

बाबा सगळं लोकांकडून वदवून घेत होता. नऊ वर्षं डॉक्टरकी करते आहे. माझं वाक्य माझ्या एकाही पेशंटनं मला असं परत म्हणून दाखवलेलं नाही.

बाटली हैबतीची. पासलीच्या वरच्या वाडीतला मेंढपाळ, टीबीचा पेशंट, वजन अडतीस किलो. गोळ्या मीच सुरू केल्या होत्या. तो बाबाच्या पायाशी बसून तोंडावर फडकं धरून खोकत होता. खरं रक्त त्या फडक्यात होतं. तिकडं कुणी बघत नव्हतं.

कणगीतली पाकिटं आदल्या दिवशी आमच्या आशा कार्यकर्तीला, कोमलला, सापडली. त्यातलं एक माझ्या पर्समध्ये होतं.

"पेलाभर पाणी द्या," मी म्हटलं.

गोळी चुरून पाण्यात टाकली, चमच्यानं ढवळली. पाणी तांबूस झालं, मग लालभडक. पेला बाटलीशेजारी ठेवला.

मागचे उठून बघू लागले.

"बगा! बगा!" बाबा ओरडला. "गोळीतच रगत हाय!"

"रगत काय कारखान्यात बनतंय व्हय, बाबा?" मागून वाडीतली बनाबाई म्हणाली. दोघीचौघी हसल्या. बाबा हसला नाही.

"हा औषधाचा रंग," मी म्हटलं. "गोळी खाल्ली की लघवीत उतरतो. गोळी सोडली की दोन-तीन दिवसांत जातो. अंगारा खा, नाहीतर चुलीतली राख खा, तो जातोच. लघवीतला रंग गेला. छातीतला रोग तिथंच आहे."

हैबतीची बायको, धोंडाबाई, उठून उभी राहिली.

"मंग हे आदी का न्हाई सांगितलं, डाक्टरीणबाई? ह्यांचं रगत चाललंय म्हनून म्याच गोळ्या दडवल्या. म्याच. हाडं ऱ्हायली ओ ह्यांची."

मी हैबतीपुढं गेले.

"हैबतीमामा, आता समजलं ना?"

"व्हय."

मी वळलेच होते. मग थांबले. बाबाचा धडा बाबाच्याच शेडमध्ये गिरवला.

"व्हय नको, मामा. मी काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

त्यानं श्वास गोळा केला.

"मेंढराला गेरू लावतो आमी. पावसात तांबडं पानी गळतं." खोकला. "मेंढरू न्हाई गळत."

"मग गोळी?"

"तांबडं आलं तरी खायाची. सोडायची न्हाई."

धोंडाबाईनं बाटलीचा हार ओढून फेकला. हैबतीला आम्ही चौघांनी धरून अँब्युलन्समध्ये घातलं. मध्ये गोळ्यांविना पाच आठवडे गेलेत. जुन्या गोळ्या आता लागू पडतील की नाही, ते थुंकीच्या तपासणीत कळेल. मला माहीत नाही.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: तू सुरू काय केलंस, आणि बंद काय करायला लावलंस? आणि दवाखान्यातून नुसतं 'व्हय' म्हणून उठू नका. ऐकलेलं परत सांगा. डॉक्टर घाईत असला तरी सांगा.

'लघवी तांबडी होईल, घाबरू नका, समजलं?' असं मी हैबतीला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि तो 'व्हय' म्हणाला होता.