रिकाम्या प्लगचं व्होल्टेज

"मी बटणाला हात लावला नाही," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

"बरं," सून म्हणाली आणि तिनं त्यांचा दुसरा स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला.

या 'बरं'चा अर्थ सासूबाईंना पक्का ठाऊक होता. उभ्या आयुष्यात त्यांनीही ते अनेकांना ऐकवलं होतं.

हवेतून प्राणवायू ओढून देणारं यंत्र घरात येऊन दोन महिने झाले होते. कोपऱ्यात त्याची घरघर, नाकाशी नळी, आणि सासूबाईंचा दम बराच आटोक्यात. मग तीन आठवड्यांपूर्वी ते मधूनच शिट्टी मारून बंद पडू लागलं. मेकॅनिकनं येऊन ते खोललं, उत्तम आहे म्हणाला, आणि जाता जाता दारात हळूच म्हणाला, "म्हातारी माणसं आवाजाला कंटाळतात हो. बटण दाबून मोकळी होतात." तरी सुनेनं स्वतः मीटर लावून प्लग मोजला. दोनशे एकतीस व्होल्ट. दुसऱ्या दिवशी मोजला, दोनशे तीस. आणखी पाच वेळा मोजला. एखाद्या नव्या घराला शोभेल असा आकडा.

आता ही सून म्हणजे ऐरीगैरी बाई नव्हे. मोठ्या दवाखान्यात सव्वीस वर्षं विजेचं काम करत होती. तिथे डॉक्टरसुद्धा तिला वायरमनबाई म्हणून अदबीनं हाक मारत. तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीज निर्दोष, यंत्र निर्दोष, मग राहिलं कोण? घरात सगळ्यांनी हाच हिशेब केला. चार वाजता थोरले दीर गाडी घेऊन येणार होते. सासूबाईंना अशा ठिकाणी ठेवायचं ठरलं होतं जिथे नर्स चोवीस तास लक्ष ठेवते. सासूबाईंना मुळीच जायचं नव्हतं. त्यांनी रडारड केली नाही. तिथल्या खिडकीतून रस्ता दिसतो का, एवढंच विचारलं होतं.

"हा इस्त्री लावतो ना, तेव्हाच बंद पडतं ते," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. 'हा' म्हणजे त्यांचा धाकटा, सुनेचा नवरा. शिंपी होता आणि शेजारच्याच खोलीत शिवत बसायचा.

"आई, त्यांचा प्लग वेगळा, तुमचा वेगळा. किती वेळा सांगू?"

सासूबाईंनी दोन्ही हातांनी चष्म्याचं घर सुनेपुढे धरलं, बॅगेत ठेवायला. नेमक्या त्याच क्षणी यंत्रानं शिट्टी मारली आणि ते बंद पडलं.

सुनेनं यंत्राकडे पाहिलं. मग त्या दोन हातांकडे. बटण पलंगापासून चार पावलांवर होतं. पलीकडच्या खोलीतून ओल्या कापडावर इस्त्रीचा चर्र आवाज आला.

"अहो, इस्त्री बंद करा!"

"अगं, कॉलर अर्धीच..."

"बंद करा म्हणते ना!"

तिनं यंत्राचं बटण दाबलं. ते मुकाट्यानं सुरू झालं. "आता लावा." इस्त्री तापायला लागली आणि यंत्रानं पुन्हा शिट्टी मारली.

आता सुनेच्या लक्षात आलं. सासूबाईंच्या खोलीत प्लग एकच. मोजायचं तर मीटरच्या सळया घालायला यंत्राची पिन काढावी लागे. म्हणजे सातही वेळा तिनं रिकामा प्लग मोजला होता. दवाखान्यात नव्या लोकांना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "रिकाम्या प्लगचं व्होल्टेज म्हणजे पाहुण्यांसमोरचं घर. सगळं जागच्या जागी. काहीतरी चालू करून लोड टाका, मग खरं कळतं." नळ बंद असताना गाळानं भरलेल्या पाइपातही दाब पुरा असतो, तोटी उघडली की धार करंगळीएवढी. हे ती झोपेतही सांगू शकली असती. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

तिनं सासूबाईंची नळी अडचणीसाठी ठेवलेल्या प्राणवायूच्या लहान सिलिंडरला जोडली, हातमोजे घातले, प्लगचं झाकण उघडलं आणि यंत्र चालू ठेवून मागच्या बाजूनं सळया लावल्या. दोनशे एकोणीस. नवऱ्याला हाक मारली. इस्त्री लागताच आकडा धडाधड उतरला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

मेन बंद करून तिनं शिंप्याचा बोर्ड उघडला. यंत्र आलं त्या दिवशी सासूबाईंचा प्लग याच बोर्डाच्या लाइनवरून काढला होता. आत दोन्ही प्लगांना वीज देणारा स्क्रू सैल राहिलेला, तारेचं टोक जळून काळं पडलेलं. असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"कुणी केलं होतं गं हे?" नवऱ्यानं विचारलं.

"मी," ती म्हणाली.

यावर नवरा हसला नाही, यातच त्याचं शहाणपण आलं.

तिनं जळकी तार कापली, नवं टोक सोललं, नवा स्क्रू घट्ट कसला. यंत्र आणि इस्त्री दोन्ही लावून मोजलं. दोनशे अठ्ठावीस. चारला पाच मिनिटं असताना थोरले दीर दारात उभे राहिले आणि त्यांनी बॅग उचलायला हात पुढे केला.

"भाऊजी, ठेवा ती. आई खोटं बोलत नव्हत्या. तार मी नीट कसली नव्हती आणि मोजलंही चुकीचं. चूक सगळी माझी."

दीर खुर्चीवर टेकले. सुनेला वाटलं, आता सासूबाई 'मी म्हणत नव्हते?' म्हणतील, आणि त्यांनी म्हणावंच. त्या म्हणाल्या, "बॅग तूच उपसायची. आणि माझ्याबद्दल ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना इथं बसून फोन करायचा. मला ऐकू येईल असा."

सून पलंगाच्या कडेवर बसली. आधी ज्यानं हे सुचवलं त्या मेकॅनिकला, मग नणंदेला, मग समोरच्या काकूंना. प्रत्येकाला तेच वाक्य, "आमच्या आईंनी बटणाला हात लावला नव्हता." सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "जरा मोठ्यानं," त्या एकदा म्हणाल्या. तिसऱ्या फोनपर्यंत सुनेला हलकं वाटू लागलं, दीरही गालात हसू लागले, आणि नवऱ्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला.

"आता माझ्या आईला करते," सून म्हणाली.

"तिला नको." सासूबाईंनी डोळे उघडले. "तिनं पहिल्याच दिवशी फोन करून विचारलं होतं मला, तुम्ही बंद केलंत का म्हणून. मी नाही म्हटलं. तेवढं पुरलं तिला."

सुनेनं फोन मांडीवर ठेवला. तीन आठवड्यांत तिनं प्लगला सात वेळा विचारलं होतं. सासूबाईंना एकदाही नाही.