पश्चिमेची भिंत

“भिंत पावसानं पाडली नाही, साहेब. तुम्ही पाडलीत.”

हे वाक्य लवूने एसटीत बसून घोकत आणलं होतं. कचेरीत मालवणी बोललं की समोरचा गालात हसतो, हे त्याला सत्तर वर्षांत पुरतं कळलेलं. म्हणून शुद्धच बोलायचं, असं ठरवून तो आला होता. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली.

“आजोबा, आधी बसा. कुठली भिंत?”

कुठली भिंत म्हणे. आठ महिने जिचा अर्ज याच टेबलावर लोळत होता, ती भिंत.

लवू म्हणजे वाडीच्या भिंती झाकणारा माणूस. किनाऱ्यावरच्या मातीच्या घरांना पश्चिमेकडून पावसाची झड बसते. भिंत उघडी राहिली तर चार दिवसांत तिचा चिखल. म्हणून नारळाच्या चुडतांची, म्हणजे झावळ्यांची, झापं विणायची आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घट्ट बांधायची, वर्षा-दोन वर्षांनी बदलायची. हे काम लवूच्या हातचं. कधी बदलायची, हे विचारायला अख्खी वाडी त्याच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, यायची आणि पन्नास वर्षं त्याचं उत्तर एकच होतं.

“तुळशीचा लगीन झाला की जुना काढा. भिंतीक चार म्हयने ऊन खावंदे. ओली भिंत झाकलास तर आतसून वाळवी खाता. शिमगो झालो की नया चढवा.”

आणि उतरवलेली जुनी झापं जायची होळीत. तो रिवाजच.

गेल्या वर्षी लवूची बोटं वळेनाशी झाली. गोव्यात हॉटेलात कामाला असलेला त्याचा मुलगा सुशांत म्हणाला, “बाबा, आता पत्रे मारूया. पंधरा वर्सां बघूक नको.” पत्रे आले. लवूच्या बायकोने, हौसाबाईने, त्यांना हळदकुंकू लावलं. तेवढ्यात पंचायतीतून निरोप आला, की घर सरकारने आखलेल्या किनाऱ्याच्या रेघेच्या आत येतं. बाहेरची बाजू बदलायची तर वरची परवानगी हवी.

दिवाळीआधीच लवूने अर्ज केला. टेबलामागचा माणूस म्हणाला, “आठ दिवसांत होईल.” लवूने ते खरं मानलं. इथंच तो चुकला. तुळशीचं लग्न झाल्यावर त्याने झापं उतरवली, भिंतीला ऊन दाखवलं, आणि शिमगा आला तेव्हा परवानगीचा पत्ता नसतानाही झापं होळीकडे न्यायला काढली.

“चार तरी ठेवा ओ,” हौसाबाई म्हणाली. “कागद येयसर.”

“काल परत आठ दिवस म्हणालेत गो. आणि होळयेचा होळयेक देवक नको?”

“तेंचे आठ दिवस आणि आपले आठ दिवस एकच काय ते बघा म्हणजे झाला.”

लवू हसला होता. झापं सुकी खडखडीत होती, भराभर पेटली.

चैत्र गेला. शेजारच्या रिसॉर्टने आठवड्यात समुद्राकडची सगळी बाजू सागवानी फळ्यांनी मढवून घेतली. किनाऱ्याची रेघ तिथं आली की बहुधा वाकून जात असावी. लवू सहा वेळा कचेरीत गेला. साहेब मीटिंगला. साहेब पाहणीला. साहेब रजेवर. शेवटी वैशाखात त्याने आपल्या वाकड्या बोटांनी, हौसाबाईला हाताशी घेऊन, बारा झापं विणली आणि बांधली. तिसऱ्या दिवशी जीप आली. आतून उतरलेल्या कर्मचाऱ्याने फोटो काढला.

“परवानगीशिवाय काम सुरू केलंत. उतरवा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल.”

लवू शिडीवर चढून सोडवत होता, हौसाबाई खालून धरत होती. बाराही झापं पंचनाम्यासाठी म्हणून जीपमध्ये गेली.

“ह्येंच्या घरांक भिंती नसतत काय ओ?” ती एवढंच म्हणाली.

मृग लागला आणि चार दिवस झड थांबली नाही. भिंतीला पोट आलं. ताडपत्रीला तरी कोणाची परवानगी लागत नसेल, म्हणून लवू सकाळीच मालवणात गेला. तिथली संपलेली. मग कट्ट्याच्या बाजारात गेला. निघताना हौसाबाईने सांगितलं होतं, “निळी हाडा. काळये ताडपत्रीन घरात काळोख पडता.”

दुपारी तो निळी ताडपत्री काखेत मारून वाडीत उतरला, तेव्हा घरासमोर माणसं उभी होती आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पश्चिमेची भिंत आत पडली होती. हौसाबाई त्या भिंतीलगतच्या चुलीपाशी होती.

ताडपत्री वाया गेली नाही. हौसाबाईला बाहेर काढल्यावर तीच तिच्यावर घातली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन परवानगी घेऊन आला.

तो कागद लवूने साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी वाचला, उलटून पाहिला.

“मंजूर आहे की, आजोबा. मग अडचण काय?”

“खाली वाचा.”

“अट चार. पावसाळ्यात काम करू नये. अट पाच. परवानगी नव्वद दिवस लागू.” साहेबांनी बोटांवर महिने मोजले. “म्हणजे सप्टेंबरात संपते ही. हरकत नाही, नवा अर्ज द्या. आठ दिवसांत करून देतो.”

घोकून आणलेलं शुद्ध तिथंच सरलं. लवूने पिशवीतून घडी घातलेली निळी ताडपत्री काढून त्या कागदावर ठेवली. घड्यांमध्ये त्याच्या भिंतीची माती अजून होती.

“पन्नास वर्सां लोक माका इचारीत इले, भिंतीचा काम कधी करूचा. मी सांगी. आता मी तुमका इचारतंय. उन्हात तुमी करूक दिलास नाय. पावसात करूचा नाय म्हणतास. मगे खंयच्या म्हयन्यात करूचा होता?”

साहेबांनी घंटी दाबली. कोणी आलं नाही.

लवूने खुर्ची ओढली आणि आल्यापासून पहिल्यांदा तो बसला.

“म्हयन्याचा नाव सांगा, साहेब.”