दोन माणसांचा एक नमुना

मी एक जुनी निळी नमुनापेटी आहे. माझ्या झाकणाला चरे गेलेत, तुटलेल्या कडीच्या जागी चिकटपट्टी आली आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. आज ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

माणसाच्या पेशीपेशीत डीएनए नावाचा बारीक मजकूर असतो. शरीर कसं घडवायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. तो वाचायचा तर रक्ताची नळी किंवा गालाच्या आतून फिरवलेली कापूसकाडी प्रयोगशाळेत न्यावी लागते. ती नेण्यासाठीच मला घडवलं. मी नवी असताना एकदा दिवसभर रस्ता तुंबला, तरी माझ्या पोटातला बर्फ टिकला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली होती. "शाब्बास गं!"

मग मी घाईबुवाच्या हाती आले. घरोघर जाऊन नमुने गोळा करणारा हा माणूस. खरं नाव दुसरंच, पण सगळे त्याला हेच म्हणतात. तो माझ्यावर बसून फोनवर गप्पा मारतो. नमुन्यांशेजारी स्वतःचा जेवणाचा डबा कोंबतो. तेही मी गिळलं. पण गुंड्याचं मी विसरणार नाही.

गुंड्या हे एक तान्हं बाळ. मान धरायच्या वयात मान धरेना, दूध पिता पिता दमून जाई. डीएनएत दोष सापडला तर त्यावर औषध आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण निकाल येईपर्यंत औषध देता येणार नव्हतं, आणि तोवर अंगातलं जे बळ जाईल ते परत येण्याची खात्री नव्हती. म्हणून त्याची आई दारातच आमची वाट पाहत उभी होती, मागे तिच्या सासूबाई.

गुंड्या रडत होता. घाईबुवाने घड्याळ पाहिलं. "पाजा हो त्याला जरा. गप्प झाला की उरकून टाकतो."

"चालतं ना? म्हणजे, दूध पिऊन..."

"अहो ताई, रोजचं काम आहे माझं!"

तिने पाजलं. बाळाच्या ओठांवर दूध असतानाच घाईबुवाने काडी गालात फिरवली. मित्रांनो, आईच्या दुधात आईच्या पेशी असतात. नमुन्याआधी बाळाला पाजायचं नाही, पाजलं असेल तर थांबायचं, तोंड स्वच्छ पुसायचं. हे घाईबुवाला शिकवलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच होते! पण पेटीचं कोण ऐकतो?

व्हायचं तेच झालं. बऱ्याच दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "या नमुन्यात दोन माणसं आहेत. बाळाचं कुठलं आणि आईचं कुठलं, कसं निवडू? आधी पाजलं होतं का?"

"आईनेच पाजलं. आजकालच्या आया ऐकतात कुठे!"

"मग त्याच दिवशी सांगायचंत की! दुसऱ्या दिवशी नवा नमुना घेतला असता."

घाईबुवाने खांदे उडवले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोटात बर्फ असून!

पुन्हा त्या घरी गेलो, तर 'आईच्या चुकीमुळे नमुना वाया गेला' हा निरोप आमच्याआधीच पोचला होता. आईचे डोळे सुजले होते. "एवढी शिकलीस, आणि एवढं कळू नये?" सासूबाई दुपट्यांच्या घड्या करता करता पुटपुटत होत्या. मागच्या खेपेला गुंड्याने माझा पट्टा मुठीत धरला होता. या खेपेला त्याने पट्ट्याकडे नुसतं पाहिलं.

घाईबुवा माझ्यावर बसला. "द्या इकडे बाळाला."

"अजून नाही. थांबायचं," आई म्हणाली.

"आता बरी आठवण! तेव्हा पाजलंत कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, पाजा."

"मी? छे! मी कशाला सांगू?"

सासूबाईंचे हात थांबले. "म्हणालात तुम्ही. रोजचं काम आहे म्हणून वर ऐट मारलीत. मी इथेच होते. आणि ऐकूनही मी हिलाच बोलत बसले." मग त्या सुनेकडे वळल्या. "दे गं त्याला माझ्याकडे, दमलीस. रडेना का थोडा वेळ. आणि तुम्ही हो, त्या पेटीवरून उठा आधी!"

तो उठला. सगळे थांबले. मग घाईबुवाने बाळाचं तोंड पुसून, नवे हातमोजे घालून काडी फिरवली, वाऱ्यावर वाळू दिली, कागदी पाकिटात घातली आणि माझ्या पोटात ठेवली.

निकाल आला. दोष सापडला, औषध सुरू झालं. गुंड्या आता मान धरू लागलाय. पाय मात्र झाडत नाही, आणि पुढे झाडेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. घाईबुवा अजून एकदाही "माझं चुकलं" म्हणालेला नाही.

मला पुसा, माझी कडी बसवा, असं मागणं आज मी मागणार नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी ती काडी हातात धरेल. बाळ रडत असलं तरी थांबा. आणि चुकलात, तर आईच्या डोक्यावर खापर फोडू नका. त्याच दिवशी सांगा. ती लगेच दुसरा नमुना देईल, आणि बाळाचे आठवडे वाचतील.