संदेश सरांची सावली

डोळे मिटा आणि एक अंगण डोळ्यांपुढे आणा. अंगणात तुमचे चार मित्र बसले आहेत, एकेक जण एकेका बाजूला, आणि चौघांच्याही डोळ्यांवर रुमाल बांधले आहेत. मधल्या जागेत एक भुंगा सोडला. भुंगा दिसत नाही, पण गुणगुण ऐकू येते. उजवीकडचा म्हणाला, "मला जोरात ऐकू येतंय," तर भुंगा उजवीकडे सरकला हे तुम्हांला कळेल. मग तुम्ही त्या बाजूने हळूच फुंकर माराल आणि तो परत मध्ये येईल.

आता समजा, भुंगा बरोबर मधोमध आहे, पण उजव्या मित्राच्या कानातच काहीतरी बिघडलं. त्याला उगाचच आवाज मोठा वाटतो. तो ओरडतो, तुम्ही फुंकर मारता, आणि शहाण्यासारखा मध्ये उडणारा भुंगा डावीकडे ढकलला जातो. चूक कोणाची? भुंग्याची तर नाहीच.

एवढं लक्षात ठेवा, आणि आता डोळे उघडा.

आंबी गावाच्या मागे, कारखान्यांच्या शेड संपतात तिथे, एक संशोधन केंद्र होतं. तिथल्या लांब नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत धावायचा. त्याचा वेग वाढवणाऱ्या यंत्राला प्रवेगक म्हणतात. झोत केसाहूनही बारीक. तो नळीच्या मधोमधच राहायला हवा, जरासुद्धा सरकला तर पुढचं सगळं काम फुकट. म्हणून नळीच्या आत चार बाजूंना धातूची चार बटणं बसवली होती. हेच आपले चार मित्र. त्यांना काय जाणवतं ते तारांमधून एका लोखंडी कपाटापर्यंत जायचं. कपाटातली यंत्रणा हिशेब करायची, आणि झोत सरकला असेल तर चुंबकांना सांगून त्याला मध्ये आणायची.

ही यंत्रणा खुर्शीदा यांनी उभी केली होती. त्या तळेगावात राहायच्या आणि त्यांची मुलगी रुमाईसा सातवीत होती. रुमाईसाला चार मित्रांची गोष्ट पाढ्यांच्या आधीपासून पाठ होती.

यंत्र पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. मावळातला पावसाळा तुम्हांला माहीत आहे, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. सगळा पावसाळा झोत सुतासारखा सरळ राहिला. नवरात्र आलं, आभाळ उघडलं, आणि झोत रोज सकाळी भरकटायला लागला.

केंद्राचे प्रमुख होते संदेश सर. त्यांनी पाहुण्यांच्या गॅलरीत सगळ्यांसमोर खुर्शीदांना विचारलं, "बाई, वायरिंग केलंत की रांगोळी काढलीत?"

खुर्शीदा शांतपणे म्हणाल्या, "सर, कपाट इथे गॅलरीत आहे. पूर्वेची काचेची भिंत तुम्ही नंतर बसवलीत. सकाळचं ऊन कपाटाच्या एकाच बाजूवर पडतं. ती बाजू तापते आणि त्या बटणाचं मोजमाप चुकतं. झोत जागेवर आहे, आपणच त्याला हलवतोय. काचेवर काहीतरी झाकण लावून बघू या."

ती काचेची भिंत सरांची फार लाडकी होती. तिच्यातून डोंगर दिसायचे, पाहुणे फोटो काढायचे. सर हसले. "मशीन काय नवी नवरी आहे, घुंगट घालायला?"

सगळे हसले. त्या आठवड्यात खुर्शीदांकडून कपाटाची किल्ली काढून घेतली गेली आणि त्यांना गॅलरीत शाळेच्या मुलांना मॉडेल दाखवण्याच्या कामावर बसवलं. काचेला हात लावायचा नाही, कपाटाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

रुमाईसाला हे कळलं तेव्हा ती जेवता जेवता उठली. "अम्मी, तू त्यांना काहीच का नाही बोललीस?"

"बोलले ना. त्यांनी ऐकलं नाही."

"मग मी ऐकवते."

"जेव आधी," खुर्शीदा म्हणाल्या.

रुमाईसा जेवली, पण घासाघासाला तिच्या मनात एकच होतं. ज्या गॅलरीत सगळे अम्मीला हसले, त्याच गॅलरीत सगळे संदेश सरांना हसले पाहिजेत.

विज्ञान दिन आला. केंद्र सगळ्यांसाठी खुलं होतं. दारावर मोठा फ्लेक्स लागला होता: 'सर्व मान्यवरांचे हार्दिक स्वागत', आणि त्यावर हात जोडलेले, माणसापेक्षा मोठे संदेश सर. दिल्लीहून ज्योत्स्ना मॅडम येणार होत्या. अशी सगळी केंद्रं त्यांच्या हाताखाली होती. मॉडेल त्यांना कोण दाखवणार? अर्थातच संदेश सर.

ते मॉडेल म्हणजे काचेची एक बंद नळी होती. तिच्यात झोताची निळसर रेघ चमकायची. बाजूंना चार पट्ट्या होत्या. रेघ सरकली की मॉडेल तिला आपणहून मध्ये आणायचं.

सकाळी अम्मी चहा आणायला गेली तेव्हा तिच्याबरोबर आलेली रुमाईसा मॉडेलच्या टेबलामागे शिरली. उजव्या पट्टीची तार तिने डावीकडे लावली, डावीची उजवीकडे. बस, एवढंच. आता रेघ डावीकडे सरकली की मॉडेलला वाटणार उजवीकडे गेली, आणि ते तिला आणखी डावीकडे ढकलणार. जितकं सुधारायला जाईल तितकं बिघडणार.

बाहेर येताना तिचा हात शेजारच्या लोखंडी कपाटाला लागला. काचेकडची बाजू तव्यासारखी तापली होती. दुसऱ्या बाजूला हात लावून पाहिला, तर ती गार. अम्मीचं म्हणणं तिच्या तळहाताला पटलं. पण त्या वेळी तिला घाई होती.

गॅलरी भरली. मुलांच्या हातात लोणावळ्याच्या चिक्कीची पाकिटं होती. संदेश सरांनी कोट सारखा केला. "मॅडम, आमचं तंत्रज्ञान पाहा. रेघ कितीही हलू द्या, आमची यंत्रणा तिला मध्ये आणतेच." आणि त्यांनी बटण दाबलं.

रेघ थोडी डावीकडे झुकली, मग आणखी, आणि एकदम काचेला जाऊन चिकटली. सरांनी बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. रेघ पुन्हा काचेवर.

"सर, तुमची रेघ पळून चालली!" एक मुलगा ओरडला. सगळी गॅलरी हसली. रुमाईसाच्या छातीत गार गार वाटलं. इतक्या महिन्यांची आग विझल्यासारखी.

तेवढ्यात संदेश सर वळले. त्यांनी बोट दाखवलं ते खुर्शीदांकडे. "पाहिलंत मॅडम? हे यांचं वायरिंग. मोठ्या मशीनमध्येही यांनी हाच गोंधळ घातलाय. म्हणून तर इथे बसवलं. इथेही तेच."

हसणारे चेहरे अम्मीकडे वळले. खुर्शीदांनी टेबलामागे एक नजर टाकली, अदलाबदल झालेल्या तारा पाहिल्या आणि मग रुमाईसाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. फटका मारायचा होता सरांना, आणि तो बसला होता अम्मीला. इतके महिने सर जे म्हणत होते, त्याला पुरावा कोणी दिला? रुमाईसाने.

"अम्मीनं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तारा मी उलट्या लावल्या. मुद्दाम."

सगळे तिच्याकडे वळले.

"वा!" संदेश सर म्हणाले. "म्हणजे घरातच शिकवणी चालते तर. आईनंच सांगितलं असेल."

"अम्मीनं काय सांगितलं होतं ते तुम्ही ऐकलंच नाही!" रुमाईसाने भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट केलं. तिथे खऱ्या झोताची जागा दिसत होती, आणि सर सकाळपासून नेमके त्याच्यासमोर उभे होते. "सरका ना जरा. बघा, तोही भरकटलाय. त्याच्या तारांना तर मी हात लावला नाही."

ज्योत्स्ना मॅडमनी मान तिरकी करून पाहिलं. "संदेश, सरका." सर सरकले. झोताची रेघ खरंच मधली खूण सोडून बाजूला गेली होती.

रुमाईसा मात्र ते पाहायला थांबली नाही. ती धावत दाराबाहेर गेली. तिथे पहारेकरी हौशीराम आबा खुर्ची टाकून बसले होते.

"आबा, हा फ्लेक्स सोडायचाय."

"आगं, सायबाचा हाय त्यो! मीच बांधलाय सकाळच्याला. कुटं न्हेतीस?"

"त्या काचेवर. बाहेरून. सावली पाडायचीय."

हौशीराम आबांनी फ्लेक्सकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि मिशीत हसले. "सायबाला उनात टांगतीस व्हय? लय दिसांनी कामाचं बोललं कुनीतरी." त्यांनी सुतळी कापली. काचेशी आल्यावर विचारलं, "त्वांड कुनीकडं करायचं सायबाचं?"

"आत," रुमाईसा म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

गॅलरीतल्या लोकांना काचेपलीकडे हात जोडलेले प्रचंड संदेश सर वर चढताना दिसले. मागून ऊन पडल्यामुळे त्यांचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. मुलं हसली, पण कपाटावर सावली पडली.

रुमाईसा आत आली. पडद्यावर काहीच बदललं नव्हतं.

"झाला तमाशा?" संदेश सर म्हणाले. "हौशीराम, काढा ते."

"थांबा," खुर्शीदा पहिल्यांदाच बोलल्या. "लोखंड आहे सर. तापायला वेळ लागला, निवायलाही लागेल."

"थांबू या," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चिक्कीचं पाकीट उघडलं. सगळेच चिक्की खात पडद्याकडे पाहत राहिले. कुडुम कुडुम आवाज तेवढा येत होता. आणि मग रेघ सरकली, घरी परतणाऱ्या गाईसारखी सावकाश, मधल्या खुणेकडे.

मॅडम घाईने खूश होणाऱ्यांतल्या नव्हत्या. "एकदा झालं म्हणजे योगायोगही असेल. काढा फ्लेक्स."

फ्लेक्स निघाला, ऊन आलं. काही वेळाने रेघ पुन्हा भरकटली.

"आता लावा परत."

पण सोडण्याबांधण्यात सुतळी तुटली होती. एक टोक हौशीराम आबांनी धरलं, दुसरं वाऱ्यावर फडफडत राहिलं.

"संदेश," मॅडम म्हणाल्या, "बाहेर जा आणि ते टोक धरा. रेघ मध्ये येईपर्यंत सोडू नका. आणि खुर्शीदाताई, कपाटाची किल्ली आजच परत घ्या. झाकणाचं कायमचं काम तुम्हीच ठरवा."

संदेश सर बाहेर गेले. उन्हात उभे राहून त्यांनी स्वतःचाच फ्लेक्स डोक्यावर उचलून धरला. मघाशी अम्मीला हसलेले सगळे आता काचेकडे पाहून हसत होते. रुमाईसाने एकेक चेहरा नीट पाहून घेतला. एकही सोडला नाही.

"झालं समाधान?" खुर्शीदांनी हलक्या आवाजात विचारलं. "बाकीचं घरी बोलू. मॉडेल अजून उलटंच आहे."

रुमाईसा गुडघ्यांवर बसली. उजवी तार उजवीकडे, डावी डावीकडे, पेच घट्ट. "अम्मी, तू तपास," ती म्हणाली. अम्मीने तपासलं आणि मान हलवली.

मग रुमाईसा कपाटाशी गेली. वरच्या कोपऱ्यावर उन्हाची एक बोटभर तिरीप अजून पडत होती. तिने ती नीट निरखली, काचेजवळ जाऊन टकटक केलं, आणि घामाघूम झालेल्या संदेश सरांना हाताने खूण केली: अजून थोडं वर.