काठावरची आई

म्योंगसुनबाईंनी पुढची ओळ उचलली, पण कांगदादांचा ढोल मागच्याच ओळीवर चालू राहिला.

"आई अजून काठावर उभी आहे," कांगदादा म्हणाले. "तू कुठे घरी निघालीस?"

शनिवारी मोकपोच्या सभागृहात बाई बऱ्याच वर्षांनी अख्खी पानसोरी, म्हणजे गाऊन सांगायची जुनी कोरियन कथा, गाणार होत्या. एक गळा आणि एक ढोल, तासन्‌तास. गाण्यातली आई लेकीला बोटीत बसवते आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत एकच सूर धरून ठेवते. ती जागा बाईंच्या गुरूंची. गुरू जाऊन जमाना झाला. जागा राहिली ती फक्त बाईंपाशी. तेवढ्यासाठीच त्यांनी कार्यक्रमाला हो म्हटलं होतं.

पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शिकवण्या. प्रत्येक पोरीला ओळ गाऊन दाखवायची, ती चुकली की पुन्हा दाखवायची. कधीतरी घसा बसला म्हणून बाईंनी तो सूर अर्ध्यावर सोडला, आणि मग सोडतच गेल्या. पोट शिकवण्यांवर, म्हणजे घसा राखायला हवाच.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. कानात सूर लख्ख होता, पण गळा त्या वळणावर आला की संध्याकाळच्या गुरासारखा आपसूक जवळच्या वाटेला लागायचा.

"काका, तुमचंच चुकतंय," हेरिम म्हणाली. ती बाईंची सगळ्यात तयार शिष्या. लहान मुलांचा वर्ग आता तीच घ्यायची. "आपल्या घराण्यात सूर इथेच संपतो. मी मुलांकडूनही तसाच बसवून घेतलाय."

कांगदादांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पाण्याचा पेला उचलला. हेरिमला खरं काय ते सांगायचं, तर आधी गाऊन दाखवायला हवं होतं. त्या फार दमल्या होत्या.

शनिवारी ती जागा आली. बाईंना खोटं गायचं नव्हतं आणि खरं येत नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं, आवंढा गिळला आणि मान खाली घातली. कांगदादा एकटेच वाजवत राहिले, बोट पार दिसेनाशी होईपर्यंत. सभागृहातून वाहवा उठली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी जिना चढताना मुलांच्या वर्गातून तेच गाणं कानावर आलं. त्या जागेपाशी सगळी पोरं एकदम गप्प झाली. बाई दारात थांबल्या. आत मुलं माना खाली घालून बसली होती आणि हेरिम रांगेतून फिरत होती.

"आवंढा नीट गिळा," ती सांगत होती. "बाई गिळतात तसा."