वजिराशेजारचा उंट

मी एक जुना काळा उंट आहे, मित्रांनो. पण मला मदार नाही आणि वाळवंटही मी पाहिलेलं नाही. मी बुद्धिबळातला, वजिराला खेटून उभा राहणारा. कारागिराने मला लाकडातून कातलं, काळ्या रंगात बुडवलं आणि तळाला हिरवी मखमल चिकटवली. विरारच्या फुलपाड्यात आत्मारामांच्या घरी आलो तेव्हा वाटलं, आता तिरकं धावायचं, पार पटाच्या टोकापर्यंत.

कसलं धावणं! आत्मारामांनी लेकीला, अश्लेषाला, काळ्याकडून एकच सुरुवात शिकवली. "आधी दार लावायचं, मग घर सांभाळायचं," ते म्हणत. राजासमोरचं प्यादं एक घर पुढे सरकलं की माझी वाट बंद. घोडे लढायचे, हत्ती पडायचे, मी आपला जागच्या जागी. माझ्या टोपीवर कारागिराच्या हातून जास्तीची एक खाच पडलेली, त्यामुळे अश्लेषा मला ओळखून नेमकी त्याच घरात ठेवायची. वर कौतुक व्हायचं, "हा उंट बघ, कालच आणल्यासारखा." ते ऐकून माझा जीव गुदमरायचा.

दिवाळीनंतर वसईच्या स्पर्धेत अश्लेषा हरली. ती नववीत होती. आत्माराम म्हणाले, "आता नायगावची शेवटची. पहिल्या दहात आलीस तर ठीक, नाहीतर दहावी होईपर्यंत पट माळ्यावर." पटावरची कैद निदान उजेडात तरी होती.

रविवारी दुपारी तिने तो हरलेला डाव मांडला. तिची आई यमुनाबाई वाल सोलता सोलता स्पर्धेत कागदावर लिहून ठेवलेल्या खेळ्या वाचून दाखवत होत्या. त्यांना बुद्धिबळाचा गंध नव्हता.

"शेवटी घोडा फुकट दिला ना, तिथेच गेम गेली," अश्लेषा चौथ्यांदा म्हणाली. चारही वेळा तिने शेवटच्या खेळ्याच तपासल्या होत्या.

पट आवरताना यमुनाबाईंनी मला उलटा केला. "बाकीच्यांची मखमल गेलीय, याची कशी शाबूत? हा काही कामच करत नाही का?"

"तो अडकतो गं. प्यादं आडवं येतं."

"कुणाचं?"

अश्लेषाने ते काळं प्यादं उचलून पाहिलं. "आपलंच."

"म्हणजे घरातल्याला आत कोंडून बाहेरून कडी घालायची, आणि वर म्हणायचं, मदतीला येत नाही. आधी त्याला बाहेर तरी काढ."

अश्लेषाने डाव पुन्हा पहिल्या खेळीपासून मांडला. बत्तीस खेळ्या झाल्या होत्या आणि मी एकदाही हललो नव्हतो. त्या दिवसापासून तिने नवी सुरुवात घोटली: आधी उंट बाहेर, मग दार बंद.

नायगावला पट आपापला न्यायचा होता. शेवटच्या फेरीत तिने तिसऱ्याच खेळीला मला बाहेर काढलं. खिडकीबाहेर आत्मारामांनी कपाळावर हात मारला. पुढच्या खेळीला मी पांढरा उंट टिपला आणि लगेच पांढऱ्या वजिराने मला टिपलं. मी घड्याळापाशी आडवा पडलो. इतक्या सुखात मी कधीच नव्हतो. तिथूनच मी अश्लेषाला जिंकताना पाहिलं. स्पर्धेत ती नवव्या नंबरावर आली.

मित्रांनो, हरलेल्या डावाचा कागद फाडू नका, आणि तो सुरुवातीपासून वाचा. एखादं कुणी नव्यासारखं राहिलंय म्हणून कौतुक करण्याआधी, त्याला कधी हलू दिलं होतं का, ते बघा.

माझी मखमल आता एका कडेला सुटली आहे. आत्माराम परवा गोंद घेऊन बसले होते. अश्लेषाने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "राहू दे बाबा. झिजू दे त्याला."